दोरी सुटल्यावर धोंडा कुठं जातो

अप्पा, परवा नातीच्या पुस्तकात तुमचा प्रश्न सापडला. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणजे तिच्या आईला तिनं डॉक्टर व्हायला हवंय, आणि आमच्या लातुरात आता त्यासाठी गल्लोगल्ली क्लास निघालेत. उजाडायच्या आत पोरं पाठीवर ओझी घेऊन निघतात आणि दिवसभर चार उत्तरांपैकी एकावर खूण करत बसतात. प्रश्न असा होता: दोरीला बांधलेला दगड एकसारख्या चालीनं वर्तुळात फिरतो आहे, दोरी तुटली तर तो कोणत्या दिशेनं जाईल? नातीनं खूण केली होती ‘केंद्रापासून दूर, बाहेरच्या दिशेनं’ यावर. मला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. ती फुरंगटली. ‘चूक आहे का आजी?’ मी म्हटलं, चूक आहे, पण आपल्या घराण्यातली जुनी चूक आहे, तुझ्या पणजोबांपासूनची. मग तिला समजावून दिलं. पस्तीस वर्षं मुलींना हेच शिकवलं, त्यामुळं पंधरा मिनिटांत आटपलं. पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते काही पंधरा मिनिटांत आटपणारं नाही. तुम्हाला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली, मीही ऐंशीला टेकले, म्हणून आज तिचीच एक कोरी वही मागून घेतली आहे.

नांदेडची ती घरं तुम्हाला आठवत असतील. नदीकडं उतरणारी गल्ली, दोन खोल्या, मागं हातभर अंगण. राज्य निजामाचं, शाळा उर्दूत. घरी आपण मराठी बोलायचो, मायच्या तोंडात बिलोलीकडची अर्धी तेलुगू, आणि शाळेच्या चौकटीत पाय टाकला की सगळं उर्दू. तिथं तुम्ही अप्पा नव्हता, जनाब होता. एकदा मी विसरून भर वर्गात ‘अप्पा’ म्हटलं, तर तुम्ही ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पोरं हसली आणि तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभे राहिलात. घरी आल्यावर मात्र जेवताना माझ्या ताटात तुमच्या वाटणीचं दही घातलंत. तुमचं रागावणं असंच असायचं, आणि समजूत काढणंही.

मी त्या वर्गात मुळात असायलाच नको होते. मुलींची शाळा चौथीला संपायची. त्यानंतर भाकरी बडवायची, पोतेरं घालायचं आणि कुणी पाहायला आलं की खाली मान घालून बसायचं. माझ्याबरोबरच्या दोघींची लग्नं ठरलीसुद्धा होती. तुम्ही थोरल्या मास्तरांचे, म्हणजे सदर मुदर्रिस साहेबांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवलेत, आणि त्यांनी मला मुलांच्या वर्गात दाराशी बसू दिलं. पण हजेरीपटावर नाव नाही. वर्षातून एकदा मुआयना व्हायचा, मोहतमीम साहेब शाळा तपासायला यायचे. त्यांनी हो म्हटलं तर नाव चढेल, नाही म्हटलं तर मुलगी घरी. तोवर तुम्ही रोज चोवीस नावं पुकारायचात आणि पट मिटायचात. पंचविसाव्या नावाच्या जागी मी मनातल्या मनात ‘हाजिर जनाब’ म्हणून घ्यायची.

तुम्ही खरे गणिताचे मास्तर. सायन्स तुमच्या गळ्यात पडलं, कारण ते शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. हैदराबादेहून आलेली उर्दू किताब तुम्ही आधी स्वतः पाठ करायचात, मग आम्हाला सांगायचात. वर्तुळातल्या गतीचा धडा तुमच्या खास आवडीचा. तुम्ही खडूला सुतळी बांधून फळ्यावर असं गोल वर्तुळ काढायचात की ते पुसायला जिवावर यायचं. मग वर्तुळावर एक ठिपका, तो धोंडा. मधून धोंड्यापर्यंत एक रेघ, ती दोरी. आणि दोरी तुटली की धोंडा कुठं जातो, तर त्याच रेघेत आणखी पुढं, मरकजपासून, म्हणजे केंद्रापासून सरळ बाहेर, असा बाण. किताबात तो बाण नव्हता, हे मला फार पुढं कळलं. किताबात फक्त बाहेर ओढणाऱ्या जोराचं नाव होतं. बाण तुमचा होता. पोरं तो वहीत उतरवून घ्यायची. मीही उतरवून घेतला.

आणि घरात माय होती. तिचं माहेर शेतकऱ्यांचं. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही बिलोलीला जायचो आणि ती रानातल्या माळ्यावर चढून पाखरं राखायची. गोफण तिनं स्वतः वळलेली, अंबाडीच्या दोरांची. एका दोराचा फासा बोटात, दुसरा नुसता मुठीत धरलेला, मधल्या जाळीत धोंडा. मला शिकवायला घेतलं तेव्हा मी आठ वर्षांची असेन. डोक्यावर गरगर फिरवली, धोंडा बरोबर पाखरांच्या थव्यासमोर आला तेव्हा मूठ सोडली, आणि धोंडा गेला डावीकडं, शेजाऱ्याच्या म्हशीच्या पाठीवर. म्हैस दावं तोडून निघाली. माय माळ्यावर बसून हसली.

‘समोर आल्यावर सोडू नगं गं. तवा त्यो डावीकडं निघालेला असतोय. उजव्या अंगाला हाय तवाच सोड, म्हंजी समोर जातोय. धोंड्याचं तोंड कुणीकडं हाय ते बघ, तो कुठं हाय ते बघू नगं.’ आणि मग, ‘हात एकसारखा फिरव. झटका दिला की गेलं समदं.’

अप्पा, मी पुढं बी. एस्सी. झाले, इंग्रजीतली जाड पुस्तकं वाचली, पण या पाच-सहा वाक्यांत नाही असं त्यांत फारसं काही सापडलं नाही. चाल एकसारखी असली तरी दिशा क्षणोक्षणी बदलत असते. धोंड्याला बाहेर पळायचं नसतंच, त्याला सरळ जायचं असतं, आणि आपलं बोट त्याला सारखं आत ओढून वळवत राहतं. ओढ बोटाला लागते म्हणून आपल्याला वाटतं धोंडा बाहेर खेचतोय. तेवढाच घोटाळा. पण तो बोटाला कळून पुन्हा डोक्यात शिरावा लागतो, आणि तुमच्या हाती गोफण कधी कुणी दिलीच नाही. तुमचंही घर शेतकऱ्याचंच, पण पाच भावांत शाळेत घातलेले तुम्ही एकटे. आजी म्हणायची, ह्या पोराच्या बोटाला लागलं तर लिहील कशानं.

मुआयन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही अंगणात तालीम करत होता. बादलीत निम्मं पाणी घेऊन ती उभी गोल फिरवायची, डोक्यावर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, साहेब खूष. पहिल्या खेपेला तुम्ही कचरलात, हात ढिला पडला आणि पाणी तुमच्याच धोतरावर. माय राखेनं तवा घासत बसली होती, ती म्हणाली, ‘भिऊन फिरवलं तर सांडनारच.’ दुसऱ्या खेपेला जमलं. मग तुम्ही कोळशानं भिंतीवर वर्तुळ काढलंत आणि बाण मारलात, मला विचारलंत, दोरी तुटली तर कुठं? मी बाणावर बोट ठेवलं. माय हात तसेच राखेचे ठेवून उठून आली.

‘अवो, असा न्हाई जात धोंडा.’

‘मग कसा जातो?’

तिनं राखेच्या बोटानं वर्तुळाला कडेला नुसती चाटून जाणारी एक रेघ ओढली. ‘असा. जिकडं चालला हुता तिकडं.’

‘किताब तू वाचली का मी?’ तुमचा आवाज चढला. ‘तुझं रानातलं न्यान रानात ठेव. उद्या साहेबासमोर पोरीच्या डोक्यात गोंधळ नको.’

‘म्या हजार धोंडे सोडलेत. तुमी एक तरी सोडला का?’ एवढं म्हणून ती चुलीपाशी गेली. तुम्ही भिंतीवरची तिची रेघ ओल्या फडक्यानं पुसलीत. तुमचा बाण तसाच ठेवलात. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तुम्ही कुठंतरी जाऊन आलात, पायांना वाळू लागलेली होती, आणि जेवताना अर्ध्या भाकरीवरच उठलात. मला वाटलं, उद्याची काळजी.

मोहतमीम साहेब आले ते मला अजून लख्ख दिसतात. काळी शेरवानी, पांढरी दाढी, आवाज अगदी हळू. त्या आवाजाचीच जास्त भीती वाटायची. तुम्ही बादली फिरवलीत आणि थेंब सांडला नाही. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांची नजर दाराशी गेली. ‘ये बच्ची कौन है?’ सदर मुदर्रिस साहेबांनी घाईघाईनं सगळं सांगितलं, मास्तरांचीच मुलगी, हुशार आहे, हुजुरांच्या हुकुमाची वाट आहे. साहेबांनी हजेरीपट मागवला, मांडीवर उघडला, दौतीत टाक बुडवला आणि मला उभं राहायला सांगितलं. एकच सवाल विचारू, म्हणाले. तुमच्याच धड्यातला विचारला. ‘घूमते पत्थर की रस्सी टूटी, तो पत्थर किधर जाएगा?’

मी म्हणाले, ‘बाहर की तरफ, जनाब. मरकज से दूर.’

‘यकीन है?’

‘जी.’

साहेबांनी टाक तसाच खाली ठेवला. सदर मुदर्रिस साहेबांकडं वळून, माझ्या देखतच पण मला न दुखवता, म्हणाले, बच्चीनं पाठ केलंय, समजलेलं नाही. आता घरकाम शिकलेलं बरं. आणि पट मिटायला हात लावला. अप्पा, तिथं तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणालाही काही कळलं नसतं. मुलगी होती, चुकली, संपलं. उलट तुम्ही हसून ‘लडकी जात आहे जनाब’ म्हटलं असतं तर सगळे तुमच्याबरोबर हसले असते. तुमची नोकरी अजून कच्ची होती. पक्की होण्याचा कागद याच साहेबांच्या सहीनं जायचा होता, हे वर्गातल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं.

तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, ‘जनाब, लडकी का कुसूर नहीं है. मैंने गलत पढाया.’

मग उभ्याउभ्या सगळं सांगितलंत. काल घरात बायकोनं चूक दाखवली, मी तिला दटावलं. संध्याकाळी गोफण घेऊन नदीच्या वाळूत गेलो, आयुष्यात पहिल्यांदा फिरवली, आठ-दहा धोंडे सोडले. एकही बाहेर गेला नाही. सगळे तिनं सांगितलं तसे गेले. चार वर्षं मी पोरांना चुकीचा बाण शिकवतो आहे. आज सकाळी सांगणार होतो, पण मुआयना होऊन जाऊ दे म्हटलं. मी भ्यालो, जनाब. मुलीला बरोबर ठाऊक आहे, ती आईकडून शिकलीय, तिला पुन्हा विचारा.

साहेबांनी मला पाहिलं, मग तुम्हाला. ‘तो माँ का जवाब बताओ,’ म्हणाले. मी सांगितलं: जिधर जा रहा था, उधर ही, सीधा. ‘करके बताओ.’ आता गोफण कुठून आणायची, तर मागच्या बाकावरच्या एका पोरानं दप्तरातून काढून दिली. मग दुसऱ्यानं आपली काढली. तिसऱ्यानं कमरेची सोडली. आम्ही मैदानात गेलो. मी फिरवली, धोंडा उजव्या अंगाला असताना सोडला आणि तो समोरच्या लिंबाच्या बुंध्यावर जाऊन आदळला. साहेब त्या पोरांना म्हणाले, तुमच्यापैकी कुणाकुणाला ठाऊक होतं? आधी एक हात वर झाला, भीतभीत. मग दुसरा. मग जवळजवळ सगळे. बिलोली, धर्माबादकडून शिकायला आलेली शेतकऱ्यांची पोरं ती, चालायला लागल्यापासून पाखरं राखलेली. सगळ्यांनी चुकीचा बाण वहीत काढला होता आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. साहेबांनी एकाला विचारलं, का रे? तो म्हणाला, ‘जनाब, वो खेत का पत्थर था. ये किताब का है.’

तुम्ही त्या पोराकडं कसे पाहत राहिलात ते मी विसरले नाही. तुम्हाला त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच लागलं, असं मला वाटतं.

साहेबांनी मैदानातच उभं राहून पटावर माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चोविसावं नाव पुकारलंत, थांबलात, आणि पंचविसावं पुकारलंत. मी ‘हाजिर जनाब’ म्हटलं ते गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल. महिनाभरानं तुमचा कागद आला. सायन्स शिकवायला लायक नाही, असा शेरा. नोकरी राहिली पण कच्चीच, आणि बदली किनवटच्या जंगलात, पहिली-दुसरीच्या पोरांवर. मला तिथं पुढचा वर्ग नव्हता, म्हणून माय आणि मी नांदेडला राहिलो आणि तुम्ही एकटे गेलात. तीन वर्षं. सुटीला यायचात तेव्हा धोतराच्या सोग्यात टेंभुर्णीची पिवळी फळं बांधून आणलेली असायची आणि अंगात हिवताप. माय गोधड्यांवर गोधड्या घालायची, तुम्ही दात वाजत असताना मला विचारायचात, आज नवीन काय शिकवलं? तुमचा तो ताप शेवटपर्यंत वर्षातून एकदा यायचाच. माझं शिक्षण झालं त्यात त्या तापाचा वाटा आहे, आणि हे मी तुम्हाला कधी तोंडावर बोलले नाही. तुमच्यासमोर असलं काही बोलायची रीत नव्हती. आज बोलते. तुमच्यामुळं मी शिकले, अप्पा. माझं सगळं आयुष्य त्या मिटत आलेल्या पटातून तुम्ही ओढून काढलंत.

किनवटला तुमच्या हाताखाली शिकलेला एक जण मला पुढं लातुरात भेटला. तो म्हणाला, तुमचे वडील रोज वर्ग सुरू करताना विचारायचे, तुमच्या घरी हे कसं करतात ते आधी सांगा, मग मी किताबातलं सांगतो. मला ते ठाऊकच नव्हतं. मीही तसंच करू लागले. त्यातून काय काय मिळालं म्हणून सांगू. घाण्याच्या बैलाला झापड का बांधतात, जातं घाईनं फिरवलं की पीठ का जाडं पडतं, सगळं पोरींनी मला शिकवलं. माझ्याही चुका त्यांनी काढल्या. दर वेळी कानशिलं तापायची आणि दर वेळी तुमचे जोडलेले हात आठवून मी म्हणायची, बरोबर आहे तुझं, मी चुकले. शाळेत माझी ख्यातीच झाली होती तशी. लोकांना वाटायचं हा माझा स्वभाव आहे. स्वभाव कसला, माझा तर भारी ताठा. ते तुमचं होतं, मी नुसतं चालवलं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. त्या दिवशी शाळेतून घरी येताना नदीच्या उतारावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘बरोबर ठाऊक असून चूक सांगितलंस. बापाची लाज राखायला गेलीस व्हय गं?’ तुमचे डोळे भरले होते. मी काही बोलले नाही. घरी पोचल्यावर तुम्ही मायला सांगितलंत, आज वर्गात तुझं खरं ठरलं. तिनं विचारलं, ‘कुनी सांगितलं, पोरीनं?’ आणि तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, ‘हाव. पोरीनंच.’ त्यानंतर मायनं साऱ्या गल्लीला सांगितलं की माझ्या लेकीनं सायबापुढं माझं नाव काढलं. मरेपर्यंत सांगत होती. तुम्ही पाहुण्यारावळ्यांत तुमची गोष्ट सांगायचात, ती तिची सांगायची, आणि मी दोन्हींकडं हसून मान खाली घालायची. लोक म्हणायचे, किती विनयी पोर.

अप्पा, मी तुमची लाज राखत नव्हते. साहेबांनी सवाल टाकला तेव्हा तुम्ही माझ्या मनातसुद्धा नव्हता. त्या शेरवानीसमोर, त्या उर्दूत, मला मायचे राखेनं भरलेले हात दिसले, आणि हे उत्तर हिचं आहे असं कुणाला कळेल याची मला लाज वाटली. हे तिला सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता पत्र लिहिते आहे तेही तुम्हालाच. तिला वाचता येत नव्हतं, असं कारण मी स्वतःला देत आले. वहीचं हे पान फाडून ठेवते. नातीच्या हाती लागायला नको.